चौथा माणूस आणि अध्यक्षांची घंटा

ती. मामांना साष्टांग नमस्कार. (गुडघा सुजलाय, तेव्हा सध्या मनातल्या मनातच.) तुमची शुगर आटोक्यात असेल आणि मामींची बोलणी कमी झाली असतील, अशी आशा करतो.

करदाता संघाचे अध्यक्ष म्हणून परवा भर सभेत तुम्ही जे बोललात त्याचा मला राग आलाय, हे आधीच सांगून टाकतो. अग्निशमन केंद्रातले लोक चोवीस तासांच्या ड्युटीत झोपा काढतात, त्याचा पगार आपण का भरायचा, आणि गाडीवर चार माणसं कशाला, तीन पुरेत, असं तुम्ही म्हणालात आणि टाळ्या पडल्या. झोपतो, नाही म्हणत नाही. पण आमची झोप म्हणजे पलंगाशी बूट, पॅंट त्या बुटांवरच खाली सरकवून ठेवलेली, घंटा झाली की डोळे उघडायच्या आधी पाय आत. (तुम्हाला उठवताना मामी हाका मारून मारून दमतात, हे साऱ्या घराला ठाऊक आहे.)

तर उत्तर द्यायला मी उभा राहिलो. हिनं इस्त्री केलेला शर्ट, पाठ केलेलं भाषण. पगाराचं बोललो, भरती होत नाही म्हणून ओव्हरटाइम वाढतो तेही बोललो, आणि चौथ्या माणसावर येतो न येतो तोच वेळ संपल्याची तुमची ती पितळी घंटा वाजली. मामा, पुढचं मला आठवत नाही. भानावर आलो तेव्हा मी बाहेर पार्किंगमध्ये गुडघ्यावर पडलो होतो आणि सभेला आलेले माझ्या गाडीवरचे तिघंही मागोमाग धावत आले होते. ड्रायव्हर तर तुमच्याच स्कूटरवर बसून किल्ली चाचपत होता. ड्युटी नव्हती, गाडी नव्हती, नुसती सवय. सभेला वाटलं आम्ही सभात्याग केला, आणि तुम्ही तसं जाहीरही करून टाकलंत. आता भाजीवालासुद्धा विचारतो, एवढा कसला माज?

माज नाही, मामा. राहिलेलं इथे लिहितो. धुरात दोघं आत जातात, एक पंपावर थांबतो, आणि चौथा दाराशी उभा राहून आतल्यांवर लक्ष ठेवतो. कोणी पडला तर तोच ओढून काढतो. आत पहिला मी जातो. मला भीती वाटते, दर वेळी वाटते, पण दाराशी तो आहे म्हणून जाता येतं. करांचा पैसा जरूर वाचवा, ड्युट्यांच्या वेळा बदला, त्यावर बसून बोलू. या चौथ्या माणसाच्या मुद्द्यावरून मात्र मी हटणार नाही. येत्या सभेत पुन्हा बोलणार आणि संपेपर्यंत बोलणार.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. : खरं तर एवढ्यासाठीच पत्र लिहिलं. कृपा करून त्या दिवशी घंटा वाजवू नका. टेबलावर थाप मारा, खाकरा, चष्मा काढून बघा, काहीही चालेल.

आणखी एक ता. क. : आम्ही चौघं पहिल्याच रांगेत बसणार आहोत. आमच्यातला कोण नको, ते तुम्ही बोट दाखवून सांगा. चौघंही तुमच्या घरी जेवून गेलेत, तेव्हा ओळखायला अडचण पडणार नाही.