चिठ्ठी नसलेला दगड

१२ जानेवारी १९९७, रविवार

आलो एकदाचे! कोपरखैरण्याच्या नव्या घरात आज पहिला चहा झाला. मुलुंडच्या भाड्याच्या खोलीतून आल्यावर हे घर बंगल्यासारखं वाटतंय. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पारसिकचा डोंगर दिसतो. दुपारी तिकडच्या खाणीत सुरुंग उडाले, तर ईश्वरीला वाटलं कुणाचं तरी लग्न आहे. नाचत सुटली. शेजारच्या सकिनाभाभींनी न सांगता दोन हंडे पाणी भरून दिलं, वर म्हणाल्या, आमच्या फोनचा नंबर सगळ्यांना देऊन टाका. केयूरची तुर्भ्याची कंपनीही आता जवळ आली.

आप्पांची लोखंडी पेटी उचलताना टेम्पोवाला वैतागला. वैजयंतीच्या माहेरचं सोनं आहे, असं केयूरनं त्याला सांगितलं म्हणे. सोनं कसलं! रस्त्यांच्या मोजणीवर गावोगाव हिंडताना माझ्या वडिलांनी जमवलेले दगड. ते गेल्यावर भावाला नको होते, म्हणून माझ्याकडे आले.

१५ जानेवारी, बुधवार

पेटी उघडली. गारगोट्या, शिंपले उमटलेले खडक, दगडी मणी, बाणाची टोकं. प्रत्येकाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी, त्यावर आप्पांचं टपोरं अक्षर. वाशीच्या एका कॉलेजनं हा संग्रह काचेच्या कपाटात आप्पांच्या नावानं ठेवायचं कबूल केलंय. अट एकच, प्रत्येक वस्तूला नाव हवं. बिननावाची वस्तू कपाटात ठेवता येत नाही म्हणतात.

आणि नेमकी एकच वस्तू बिनचिठ्ठीची निघाली. काळा, गुळगुळीत, वीतभर लांब. एक बाजू सपाट, मधोमध बोट जाईल असा खळगा. घडवलेला आहे हे नक्की. मी ईश्वरीला म्हटलं, हा वरवंटा असणार, लहान मुलींच्या हातातला. पण मग खळगा कशाला? आप्पांना लेबल लावायला हाच बरा राहिला!

१९ जानेवारी, रविवार

परवा केयूरनं तो हातात तोलला आणि निकाल दिला. हे जुन्या बाजारातलं वजन आहे. दिवसभर स्टोअरमध्ये पिंपांची वजनं करतो, मला नको शिकवू, म्हणाला. कॉलेजला कळवलं तर त्यांचं उत्तर आलं, नवऱ्याचं मत चालत नाही, जाणकाराचं हवं.

चटणी वाटायची म्हणून पाटा काढला आणि त्यावर फिरवायचं ते, ते लांबट... शब्दच आठवेना. ईश्वरीनं सांगितला, तरी ओळखीचा वाटला नाही. हातात धरून उभी राहिले. हे पुढेमागे फिरवायचं की आपटायचं? शेवटी चटणी केलीच नाही. टेन्शन, दुसरं काय.

२१ जानेवारी, मंगळवार

फोर्टातल्या पुरातत्त्व खात्याच्या कचेरीत दुसरी खेप. पहिल्या टेबलानं दुसऱ्याकडे पाठवलं, दुसरं टेबल जेवायला गेलेलं. परतल्यावर त्यानं विचारलं, कुठे सापडला? माहीत नाही म्हटलं. मग आम्ही तरी काय सांगणार बाई, म्हणाला. पिशवीनं खांदा भरून आलाय. आप्पांचा राग येतोय. शंभर गोष्टींना नावं दिलीत, ही एकच का सोडलीत?

२३ जानेवारी, गुरुवार

केयूरला कंपनीतून अर्ध्या दिवसात घरी पाठवलं. माल आला होता, हा काट्यासमोर नुसता उभा. साहेबांनी विचारलं तर म्हणाला, ह्या गोल चकतीचं काय करायचं? सगळे हसले. मग कुणी हसेना.

मी त्याच्या एका हातात तांदळाचा डबा दिला, दुसऱ्यात वाटी. जड कुठलं, विचारलं.  तो चिडून म्हणाला, "काय विचारतेस तू? नीट मराठीत बोल ना!"

डॉक्टर म्हणाले, दगदग झालीय, आठवडाभर आराम.

२४ जानेवारी, शुक्रवार

अखेर भेटले एकदाचे, पाटणकर नावाचे मोठे अधिकारी. हातात घेताच ओळखलं त्यांनी. दाराचा दगड. जुन्या घरांत दार ह्याच्या खळग्यात फिरायचं. लेखी पत्र मंगळवारी देतो म्हणाले. वाटलं, तिथेच त्यांच्या पाया पडावं. सुटले!

२८ जानेवारी, मंगळवार

सकिनाभाभींकडे फोन आला. पाटणकरांच्या हाताखालच्या बाईंचा. मला वाटलं पत्र तयार झालं. त्यांनी विचारलं, तुम्ही साहेबांना काय दाखवलंत? काल संध्याकाळी सगळे घरी गेले, साहेब केबिनमध्येच. सकाळी शिपायानं उघडलं तर भिंतीला तळवे लावून खोलीभर फिरत होते. कडी लावलेली नव्हती. दार नुसतं लोटलेलं. हाताला धरून बाहेर आणावं लागलं. आता घरीही तेच. दारासमोर उभं केलं तरी विचारतात, बाहेर कुठून जायचं?

फोन ठेवला, तर भाभींनी मला खुर्चीवर बसवलं.

२९ जानेवारी, बुधवार

मागची पानं वाचली. १५ तारखेला माझ्याच अक्षरात एक शब्द आहे. व-र-वं-टा. चार अक्षरं. कुठल्या भाषेतला आहे कोण जाणे.

मी हे म्हटलं, माझं हे गेलं. केयूर वजन म्हणाला. पाटणकर दार म्हणाले.

आप्पा शेवटची दोन वर्षं बोलत नव्हते. अर्धांग म्हणाले होते डॉक्टर. ताटातल्या भाताकडे बघत बसायचे. आईकडेही. किती नावं देऊन बघितली असतील त्यांनी ह्याला?

ईश्वरीला बजावलं, त्याला हात लावायचा नाही, काही म्हणायचं नाही. का, विचारलं तिनं. काय सांगू?

३० जानेवारी, गुरुवार

सकाळी खाडीत टाकून येते म्हटलं. केयूर हसला. आधी माझ्या नोकरीचं बघ, खुळ्यासारखं करू नको. हे वजन नाही तर मग काय आहे, सांग, सांग ना, असं तो मला विचारत सुटला. वजन हा शब्द घोकून पाठ केल्यासारखा. माझं डोकं फिरलं. "काही नाहीये तो! दगड आहे नुसता, दगड!"

ओरडून झालं आणि कळलं.

३१ जानेवारी, शुक्रवार

सापडत नाही. पेटी उघडी आहे, आत चिठ्ठ्या आहेत, दोरे आहेत. चिठ्ठ्या कशाला बांधल्यात ते दिसत नाही. म्हणजे दिसतं काहीतरी, पण हात फिरवला तरी —

रस्त्यानं डंपर गेले. डोंगराकडून भरून येतात. काय भरून येतात?

केयूरला म्हटलं, तू उचल, तू टाक. तो म्हणाला, तुझ्या पायाशीच तर आहे. खाली पाहिलं. चप्पल होती, बादली होती, आणि —

ईश्वरीला भाभींकडे ठेवते. आजच.

१ फेब्रुवारी, शनिवार

भाभी कालच उरणला गेल्यात, माहेरी. कुलूप. ईश्वरी घरीच.

केयूर टाकायला निघाला होता. जागेवर नाही म्हणतो. आधी होता, आता नाही.

दुपारी

ईश्वरी गॅलरीत घर-घर खेळतेय. भातुकली मांडलीय. इथून दिसतेय मला. मांडीवर माझी ओढणी, ओढणीत काहीतरी गुंडाळलेलं. काय आहे ते मला —

केयूरला हाक मारली. तो खाली शोधतोय. ऐकू जात नाही.

तिला विचारलं, बाळ, मांडीवर काय आहे? नाव नको घेऊ, नुसतं दाखव. दाखवलं तिनं. ओढणी दिसली. आत —

म्हणाली, तू सारखी ह्यालाच घेऊन बसतेस ना, म्हणून आज हीच —

मी तोंडावर हात ठेवायला धावले. पोचायच्या आत म्हणाली. ओढणीकडे बघून, लाडानं. आई, जेवायला चल.

मी म्हटलं, ईश्वरी, मी इथे आहे. इकडे बघ. इकडे.

बघितलं. उठली. भिंतीला टेकून उभी आहे. मी एक पाऊल पुढे टाकलं की ती मागे. म्हणून इथेच बसून लिहितेय, हलत नाही, म्हणजे ती घाबरणार नाही. जिन्यावर केयूरची पावलं. ती बाबा म्हणून हाक मारतेय, रडतेय, म्हणतेय, बाबा लवकर या, घरात कुणीतरी बाई —