न जाळलेली चिठ्ठी

अप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता माझेच केस तुमच्यापेक्षा पांढरे झालेत. लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला अडले, कारण तुम्हाला असं पत्र मी कधी लिहिलंच नव्हतं. नर्सिंगच्या होस्टेलमधून लिहायचे ती पत्रं आईच्या नावानं असायची आणि तिला वाचून दाखवायचा तुम्ही. ती गेली तसं माझं लिहिणं थांबलं. आज लिहायचं कारण असं, की परवा आपल्या चर्चच्या मंडळीचे नवे पाळकसाहेब घरी आले होते. पोरगेलं माणूस आहे, पण मनानं चांगलं. चहात बिस्कीट बुडवत म्हणाले, "सिस्टर, यंदा पाऊस न्हाई, लोकांची मनं खचलीत. काय करावं कुणाला सुचत न्हाई, म्हणून रविवारी ज्ञानासाठी प्रार्थना ठेवलीय. तुम्ही तुमच्या अप्पांच्या चिठ्ठीची साक्ष सांगा." मी हो म्हटलं. देवानं मला कसं बोलावलं, ही साक्ष मी आजवर चर्चमध्ये इतक्यांदा सांगितलीय, की झोपेतून उठवून विचारलं तरी घडाघडा सांगेन. आणि ती खोटी आहे, अप्पा. मला ठाऊक आहे, आणि तुम्हालाही ठाऊक होतं.

तुम्हाला सगळं माहीतच आहे, तरी पहिल्यापासून सांगते. मला ते एकदा क्रमानं सांगून बघायचंय. गावच्या दूध सोसायटीत तुम्ही दूध घ्यायला बसायचा. केजच्या रस्त्याला लागून ती पत्र्याची खोली, उन्हाळ्यात सकाळी नऊलाच तापायची. आपल्या वस्तीतला माणूस, त्यात ख्रिस्ती, तो गावाचं दूध मोजणार म्हणून सुरुवातीला लोकांनी नाकं मुरडली होती. तेव्हा चेअरमन म्हणाले होते, "खोटं न बोलणारा दुसरा दाखवा, उद्या त्याला बसवतो." कुणी दाखवला नाही. दूध तपासायची काचेची नळी सोसायटीनं दिली होती, पण तुम्ही आधी दुधाचा एक थेंब अंगठ्याच्या नखावर घ्यायचा. थेंब जागच्या जागी राहिला तर ठीक. घरंगळला तर दुधात पाणी. नळी नंतर तेच सांगायची.

मी लहान असताना पडलेल्या दुष्काळात एका बाईचं दूध घरंगळलं. तिची एकच म्हैस, चारा नाही, पोटात अन्न नाही, म्हैस देणार तरी काय? मी शेजारी पोरीसोरींत उभी. मोठ्या शहाणपणानं ओरडले, "अप्पा, पाणी हाय ना त्यात?" तुम्ही माझ्याकडं नुसतं बघितलं. ते बघणं मारापेक्षा वाईट होतं. मग त्या बाईला हळू आवाजात म्हणालात, "भांडं ओलं राहिलं वाटतं, बाई. उद्या भांडं कोरडं करून आण." तिनं मान खाली घातली आणि गेली. घरी येताना मी भांडायलाच उठले, "तिला बोलला कावून न्हाई? चोरी हाय ती!" तुम्ही म्हणालात, "तिला कळलंय का न्हाई? मग लोकांना कळून काय करायचंय?" मला ते अजिबात पटलं नव्हतं. माझा स्वभाव तेव्हापासूनच असा फटकळ.

आणि आपल्या घरातल्या त्या चिठ्ठ्या. चर्चमध्ये दान गोळा करायची एक जुनी मखमली थैली होती, शिवण उसवली म्हणून मंडळीनं टाकून दिलेली. ती तुम्ही घरी आणली, आईनं टाका घातला. कुठलाही मोठा पेच पडला की तीन सकाळी आपण चुलीपुढं गुडघे टेकून शहाणपण मागायचो, आणि तिसऱ्या दिवशी त्या थैलीत दोन चिठ्ठ्या. म्हैस ठेवावी, म्हैस काढावी. घर शाकारावं, थांबावं. आई उचलायची, कारण तिला वाचता येत नव्हतं. जी निघेल ते देवाचं उत्तर, आणि दुसरी न उघडता चुलीत. मी एकदा विचारलं, दुसरी बघितली तर काय होतं? तुम्ही म्हणालात, "देवानं सांगितल्यावर परत 'खरंच का?' विचारायचं न्हाई. संशय धरून मागणं म्हंजे फुटक्या घागरीनं पाणी आणणं." तेव्हाच्या पाळकसाहेबांना ही रीत पसंत नव्हती हे मला आठवतं. पण तुम्ही कुणाचं ऐकताय!

मग माझ्या नावाचं ते पत्र आलं. परजिल्ह्यातल्या मिशनच्या दवाखान्यात नर्सिंगला माझी निवड झाली होती. गावातली पहिली पोरगी. पण आईचा दमा त्या वर्षी फार वाढला होता, आणि घरात पाणी आणायचं काम माझं होतं. उताराखालच्या विहिरीत टँकर रिकामा व्हायचा आणि बायका तुटून पडायच्या. दोन घागरी घेऊन तो चढ चढायचा म्हणजे धडधाकट बाईची छाती भरून यायची. तुम्ही दिवसभर सोसायटीत. मी गेले तर तो चढ आईच्या वाट्याला येणार, हे घरातल्या तिघांनाही स्वच्छ दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी तुम्ही वही-पेन्सिल माझ्यापुढं केली. दर वेळी तुम्हीच लिहायचा. म्हणालात, "आज माझ्या हातनं नको. माझं मन एका अंगाला झुकलंय. तू लिही." मी वहीचं पान फाडलं. आई भाकरी थापत होती, तिला धाप लागलेली मला ऐकू येत होती. मी एका चिठ्ठीवर लिहिलं, 'जावं'. दुसरीवर लिहायला पेन्सिल टेकवली. काय सांगू तुम्हाला, मला इतकं जायचं होतं! त्या चढावरून, त्या रांगेतून, रोज त्या बायांच्या शिव्या ऐकण्यातून मला सुटायचं होतं. मी दुसरीवरही लिहिलं, 'जावं'.

आईनं पिठाचा हात पदराला पुसला, थैलीत घातला, चिठ्ठी काढली आणि उलटी धरून बघत हसली. "काय म्हन्तोय देव?" तुम्ही वाचलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "मंग जाय की! मी काय लगीच मरतीय व्हय?" तुम्ही थैली काखेत मारली आणि संध्याकाळचं दूध घ्यायला निघून गेलात. चूल पेटलेली होती, अप्पा. त्या दिवशी दुसरी चिठ्ठी चुलीत गेली नाही, आणि माझ्या ते लक्षातही आलं नाही.

पुढचा उन्हाळा संपायच्या आत तार आली. मी पोचले तोवर आईची माती झाली होती. चढाच्या मध्यावर घागरी खाली ठेवून ती बसली, बायकांना म्हणाली, व्हा पुढं, येते. आणि उठलीच नाही. घागरी मात्र भरलेल्या होत्या, सांडल्या नव्हत्या, असं शेजारीण मला पुन्हा पुन्हा सांगत होती, जणू त्यात काही समाधान आहे. तुम्ही चार दिवस माझ्याशी शब्द बोलला नाहीत. केजच्या स्टँडवर मला गाडीत बसवलंत आणि खिडकीशी येऊन म्हणालात, "पोरी, प्रार्थनेला बसताना भांडं कोरडं करून बसत जा." मला इतका संताप आला! आई गेली आणि ह्यांना उपदेश सुचतोय. मी तोंड फिरवलं. गाडी सुटेपर्यंत तुम्ही खांबाला धरून उभे होता.

त्यानंतर तुम्ही चिठ्ठ्या टाकणं बंद केलं. लोक विचारायचे तर म्हणायचा, "आता नुसतं मागायचं." मला वाटलं, आईच नाही तर उचलणार कोण. इकडं दवाखान्यातल्या प्रार्थनेत एकदा मला साक्ष द्यायला उभं केलं आणि माझ्या तोंडून ते निघून गेलं, की देवानं माझ्या आईच्या हातून मला बोलावलं. बाया रडल्या. पुढं ती गोष्ट माझ्या आधी गावात पोचली. चर्चमध्ये कुणी ती सांगू लागलं की तुम्ही आपल्या चपलांकडं बघत बसायचा. मी म्हणायचे, अप्पांना आईची आठवण येते.

तुमच्या मातीनंतर मी तुमचं शास्त्र, ते जुनं बायबल, घरी आणलं. कितीतरी दिवस उघडायचं धाडस झालं नाही. उघडलं तेव्हा मधल्या पानांत दोन्ही चिठ्ठ्या एकावर एक ठेवलेल्या. एकीवर पिठाचा डाग. दोन्हींवर माझंच बाळबोध अक्षर. नखावरच्या थेंबावरून गावभरच्या दुधातलं पाणी ओळखणारा माणूस, आणि मला वाटत होतं मी त्याला फसवलं. मग ते स्टँडवरचं बोलणं आठवलं आणि मी एवढी रडले, की आईसाठीही तेवढी रडले नव्हते.

पण एक गोष्ट मला अजून कळत नाही, आणि ती सांगायला तुम्ही नाही. दुसरी चिठ्ठी तुम्ही उघडली कधी? त्याच संध्याकाळी, दूध घेता घेता? मग सगळं माहीत असून तुम्ही मला जाऊ दिलंत, आणि आईला तो चढ चढू दिलात. का ती गेल्यावर, रिकाम्या घरात? मग हे तुम्ही एकट्यानं गिळलंत. आणि तुमचं मन झुकलं होतं ते कुठल्या अंगाला? मला पाठवायला की ठेवून घ्यायला? ठेवून घ्यायला असेल तर पेन्सिल माझ्या हाती कशाला दिलीत? हे मी देवाला पुष्कळदा विचारलंय. तो काही बोलत नाही. आयुष्यभर वॉर्डात आजारी लेकरांच्या आया माझा हात धरून म्हणायच्या, सिस्टर, प्रार्थना करा, काय करावं सुचत न्हाई. मी डोळे मिटायचे, शहाणपण मागायचे, आणि दर वेळी वाटायचं, उत्तर आलं तर ते माझ्याच अक्षरात येईल. मला देवाचं अक्षर ओळखूच येत नाही, अप्पा. तो लिहितो की नाही, हेच मला माहीत नाही.

आताचे पाळकसाहेब म्हणतील, देवानं तुमच्या चुकीतूनही भलं केलं, किती बाळंतिणी सुटल्या तुमच्या हातून. म्हणतील ते, माणूस चांगला आहे. पण मग आईचं काय? तिला चढावर बसवून कुणाचं भलं करायचं होतं? असलं शहाणपण मला नको. मला एवढंच हवंय, की एकदा गुडघे टेकताना भांडं कोरडं असावं. म्हणून ठरवलंय, उद्या खरं सांगायचं. दोन्ही चिठ्ठ्या पर्समध्ये ठेवल्यात. लोकांना दाखवणार.

इथपर्यंत काल, शनिवारी लिहिलं होतं.

आज चर्च भरलं होतं. बोअर आटली म्हणून कुणी आंघोळीशिवाय आलेलं, पण आले सगळे. पाळकसाहेबांनी माझं नाव घेतलं, मी उभी राहिले, पर्स उघडली. पुढच्या बाकावर एक बाई लेकराला मांडीवर घेऊन माझ्याकडं बघत होती, डोळे पाण्यानं भरलेले, आधीच. तिनं ही साक्ष कुठंतरी ऐकलेली असणार. मी म्हटलं, "माझ्या आईनं पिठाचा हात पदराला पुसला..." आणि मग ते नेहमीच्या वाटेनं गेलं, शब्दाला शब्द. मी थांबवलं नाही. "आणि देव बोलला," मी म्हटलं. पर्स मिटली. खरं सांगू का, मला बरंसुद्धा वाटलं.

हा कागद आता तुमच्या शास्त्रात, त्या दोन्ही चिठ्ठ्यांच्या मध्ये ठेवते. जुनी सवय म्हणून चुलीकडं बघितलं, तर गॅसची शेगडी. सगळ्यांनी आमेन म्हटलं, अप्पा. नखावर थेंब घेऊन बघणारं तिथं कुणीच नव्हतं.