रक्ताची ओळख

४ जानेवारी

चि. धाकोबास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या भावोजींच्या खोकल्याचं निदान झालं. क्षय आहे. इतके दिवस ते चष्म्याच्या काचा घासताना उडणाऱ्या धुळीवर खापर फोडत होते आणि मीही मान डोलावत होते. एक्स-रेत उजव्या फुप्फुसात पोकळी दिसते. गोळ्या सुरू झाल्या. दुकान बंद ठेवलंय. तयार चष्मे शेजारच्या शिंप्याकडे ठेवून आले.

सासूबाई म्हणतात, मी यांच्या खाण्याकडे लक्ष दिलं नाही. पण काल यांनीच विचारलं, की माझंच शरीर असं लेचंपेचं कसं निघालं, लढलंच नाही. तू प्रयोगशाळेत दिवसभर त्याच जंतूच्या मागे असतोस, त्यांना कळेल असं लिही. मिठूला खोलीत जाऊ देत नाही, तर शाळेतून आली की दारातूनच बाबांना बडबड ऐकवते.

स्वतःला जप आणि आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

१५ जानेवारी

ती. भावोजींस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं शरीर लढलं नाही असं कुणी सांगितलं? श्वासातून आलेल्या जंतूला फुप्फुसातल्या राखणदार पेशी गिळतात. तुमच्याही पेशींनी गिळलंच. एरवी गिळलेला जंतू आत मरतो. हा मरत नाही. तो आत बसून काही प्रथिनं बाहेर सोडतो आणि ज्या कप्प्यात त्याला कोंडलेलं असतं, त्याची भिंत फोडायला ती मदत करतात. पेशी मरते. मग नव्या पेशी धावून येतात, मेलेलीला जंतूसकट गिळतात आणि त्यांचीही तीच गत होते. असा खच पडत पडत पोकळी होते. तुमचं शरीर मदतीला धावण्यात कुठेच कमी पडलं नाही. ताईच्या स्वयंपाकाचाही यात दोष नाही, हे आईंना माझं नाव घेऊन सांगा.

आम्ही इथे जंतूतून तसलं एक प्रथिन काढून टाकलं, तर तो बराच ढिला पडतो. पण यातून औषध कधी निघेल याची थाप मारणार नाही. तुमच्या हातातल्या गोळ्या खऱ्या. त्या सोडू नका.

तुमच्या रागावण्याला आणि लोभाला दोन्हीला पात्र,
धाकोबा

२ फेब्रुवारी

चि. मेहुणेबुवांस,
आशीर्वाद.

डॉक्टर म्हणतात प्रथिनं खा. तुम्ही म्हणता जंतूही प्रथिनंच सोडतो. एकूण घरात प्रथिनांची रेलचेल आहे, फक्त माझ्या अंगी लागत नाहीत. तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. संध्याकाळी ती तुमच्या ताईच्या हातातली भांडी काढून घेऊन स्वतः घासायला बसली.

काल खोकताना पुन्हा रक्त पडलं. डॉक्टरांच्या मते जंतू कमी होतायत, पण पोकळीच्या कडेची रक्तवाहिनी नाजूक झाली आहे. ताईला मी थोडंसंच पडलं म्हणून सांगितलंय. एक काम करा, मिठूची तपासणी मागे पडू देऊ नका. निदानाआधी ती रोज माझ्या मांडीवर बसून भिंगं पुसायची. हे ताईसमोर बोलायला माझी जीभ उचलत नाही.

भेटीची वाट पाहणारा,
तुमचा भावोजी

२० मार्च

चि. धाकोबास,
आशीर्वाद.

तू पोहोचलास तेव्हा सगळं संपलं होतं आणि तू होतास तोवर मला काही बोलता आलं नाही. म्हणून त्या सकाळचं लिहिते. त्यांनी पाणी मागितलं. मी पेला घेऊन आले तोवर उशी लाल झाली होती. डॉक्टर धावत आले, पण रक्त थांबलं नाही. त्यांना बोलता येत नव्हतं. माझा हात मात्र घट्ट धरून होते.

त्यांनी तुला सांगितलेली तपासणी झाली. मिठूला लागण आहे. एक्स-रे साफ आहे, तरी काही महिने गोळ्या घ्यायच्यात. नर्सनं तिला समजावलं, की जंतूची प्रथिनं तुझ्या रक्ताला दाखवली आणि रक्तानं ती ओळखली. काल पोरीनं मला विचारलं, की गोळ्या संपल्या की रक्त विसरेल का. मी म्हटलं, मामाला विचारते.

तुझ्या पत्राच्या वाटेकडे डोळे लावून,
ताई

२८ मार्च

चि. मिठूस,
गोड पापा.

तुझ्या रक्ताला जी प्रथिनं दाखवली, त्यांच्यावरच तुझा मामा काम करतो. तू आजारी नाहीस. तुझ्या पेशींनी जंतूंना कोंडून ठेवलंय. ते पुढे कधी उठू नयेत म्हणून गोळ्या. तुझ्यापासून कुणाला काही होणार नाही, आईच्या कुशीत खुशाल झोप.

आता तुझा प्रश्न. गोळ्यांनी धोका पुष्कळ कमी होईल, पण रक्त बहुधा विसरणार नाही. ती ओळख वर्षानुवर्षं राहते. तिनं त्रास होत नाही. तुला बरं वाटावं म्हणून हे लिहीत नाही, ते खरंच तसं आहे.

मलाही कामावर बसलो की बाबा आठवतात. मग जरा बाहेर जाऊन उभा राहतो आणि परत येतो.

तुझा मामा

६ एप्रिल

चि. धाकोबास,
आशीर्वाद.

पत्र मिठूनं स्वतः वाचलं आणि गोळी न कुरकुरता घेतली. मग म्हणाली, रक्त विसरणार नसेल तर बरंच आहे, बाबांनी दिलेलं दुसरं काहीच माझ्या आत नाही. मला सांगता आलं असतं, की तुझं नाक त्यांचं, तुझं हसणं त्यांचं. पण ते गेल्यापासून ती पहिल्यांदा रडत होती. मी तिला मांडीवर घेतलं आणि रडू दिलं.

तुझी,
ताई