नगराध्यक्षबाई

प्रिय इन्साफ,

तुझ्या माँट्रियलच्या घरी आमच्या बातम्या तुझ्या आईच्या फोनवरूनच पोचतात. ती काय सांगत असेल ते मला ठाऊक आहे: बाबांचा रक्तदाब ठीक आहे, शेजारच्यांनी पुन्हा कोंबड्या पाळल्या. म्हणजे महत्त्वाचं काहीच नाही. म्हणून आज मीच लिहायला बसलोय. ती नगरपालिकेत गेली आहे आणि मी ओट्यावर सार्डिन साफ करून ठेवलेत. हो, हल्ली मासे मीच करतो.

तुझी आई निवडून आली एवढं तुला कळलं असेल. कशी, ते कळलं नसणार. उमेदवारांच्या यादीत बाई हवी असा कायदा, म्हणून ऑलिव्हवाल्या मंडळींनी, म्हणजे बागा-गिरण्यांच्या मालकांनी, तिला उभं केलं. त्यांना वाटलं, निवृत्त सुईण आहे, फोटोपुरती बसेल, कारभार आपण पाहू. ती म्हणाली, "फोटो काढायचा तर पहिल्या नंबरावर काढा." प्रचाराला ती घरोघर गेली आणि एकच वाक्य बोलली, "तुला या जगात मी आणलंय, आता तू मला पालिकेत पोचव." निम्म्या गावाची नाळ तिनं कापलेली. नाही म्हणणार कोण?

कॉफीहाउसात मजीदनं मला टोमणा मारला, "काय मास्तर, आता घरी जेवायलाही अर्ज द्यावा लागणार का?" मी म्हटलं, "माझं जाऊ दे, तुझ्या दुकानापुढचं छप्पर रस्त्यावर आलंय, त्याचं बघ." छप्पर दुसऱ्या दिवशी आत गेलं. बाकी गाव आहे तसंच आहे. दिनार घसरतोय, माझी पेन्शन त्याच्या मागोमाग. लिबियाची सरहद्द पुन्हा बंद, त्यामुळे हमरस्त्यावरचे ढाबे ओस. यंदाचं ऑलिव्हचं तेलही इटलीवाले टँकर भरून घेऊन गेले. ते आपल्या बाटलीत भरून स्वतःच्या नावानं विकतील आणि आपण टीव्हीवर त्याची जाहिरात बघू. तुझी आई म्हणते, बाटल्या इथंच भरायच्या. त्यासाठी गिरणीवाल्यांना एकत्र बसवायची तिची खटपट चालू आहे. ते आजवर एकमेकांच्या लग्नालाही गेलेले नाहीत.

पण सांगायचं ते वेगळंच. निवडून येणं निराळं आणि अध्यक्ष होणं निराळं. कुणालाच बहुमत नव्हतं. पारडं हाजी मिस्बाह आणि त्यांच्या मशिदीकडच्या मंडळींच्या हातात होतं. सभा सगळ्यांना खुली होती, मी मागच्या बाकावर बसलो होतो. हाजी उभे राहिले. काठी टेकत तुझ्या आईला म्हणाले, "मबरूका, एक विचारतो. बंदी उठली म्हणतात. मग नगराध्यक्ष म्हणून आपल्या मुलींची लग्नं परधर्माच्या माणसांशी लावशील का?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. हिवाळ्यात तू आणि एतिएन लग्न लावून घ्यायला इथं पालिकेत आलात तेव्हा जुन्या अधिकाऱ्यानं तुम्हाला काय सांगितलं, ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. "राजधानीत कायदा बदलला असेल, माझ्या टेबलावर तसा कागद आलेला नाही." तुम्ही दोघं नवे कपडे घालून पायऱ्या उतरलात, आणि तू बसमध्ये चढताना म्हणालीस की या गावात पुन्हा पाय ठेवणार नाही. त्यानंतर तुझ्या आईनं तो विषय एकदाही काढला नाही. मला वाटलं, विसरली. ऑलिव्हवाले दारात आले तेव्हा ती लगेच हो का म्हणाली, हे तेव्हाही माझ्या डोक्यात आलं नाही.

ऑलिव्हवाले तिला खुणावत होते, गोलमोल बोल म्हणून. तिनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "हाजी, कायद्यात बसतं ते प्रत्येक लग्न लावीन. पहिलं माझ्या मुलीचं, ती आली तर. हे आत्ताच ऐकून घ्या आणि मग हात वर करा."

मला वाटलं, संपलं. दोनचार जण उठून गेलेही. हाजींनी मात्र काठीवर हनुवटी टेकली. मग म्हणाले, "मला हे पटत नाही, पटणारही नाही. पण जी बाई खुर्चीसाठी आज खोटं बोलली नाही, ती उद्या पाण्याच्या नळाबद्दलही खोटं बोलणार नाही." आणि त्यांनी हात वर केला. ती एका मताच्या फरकानं अध्यक्ष झाली. बाहेर आल्यावर मी विचारलं, "अगं, हरली असतीस तर?" म्हणाली, "तर घरी आले असते. सार्डिन कोण साफ करतंय?"

आता हे पत्र का, ते सांगतो. ती तुला बोलावणार नाही. आईनं पद मिळवलं म्हणून मुलगी नाइलाजानं आली, असं तिला नकोय. पण काल दुपारी मी तिला आरशासमोर पाहिलं, लग्न लावताना नगराध्यक्षानं घालायचा तो लाल-पांढरा पट्टा खांद्यावर तिरपा घालून. मला पाहताच काढून ठेवला आणि म्हणाली, लांबी बघत होते. तेव्हा तुम्ही दोघं या, पोरी. माझ्या सांगण्यावरून या. साक्षीदार म्हणून हाजींना विचारणार नाही, एवढी अक्कल मला आहे. पण लग्नाच्या जेवणातलं कुसकुस खायला ते येतील, मी विचारून ठेवलंय. एकच अडचण आहे. लग्न लावताना नगराध्यक्षांना रडता येत नाही म्हणे. मुलीच्या आईच्या वाटचं कुणीतरी रडायला हवं, आणि त्या कामासाठी मी आत्तापासूनच मोकळा आहे.

तुझी वाट पाहणारा, तुझाच,
बाबा