तोच मेसेज, दुसऱ्यांदा

मंगळवार, संध्याकाळ

रक्तपेढीच्या क्लाउड सर्व्हरवरच्या जुन्या सिस्टिमचा सपोर्ट संपतोय, म्हणून सकाळी सर्व्हरची कॉपी काढून नवी सिस्टिम आधी तिच्यावर टाकून बघितली. कॉपीवरून आपोआप जाणारे मेसेज बंद करायला विसरले. मूर्ख मी! त्या कॉपीने ओ निगेटिव्हच्या सगळ्या दात्यांना कळवून टाकलं: 'तातडीने रक्त हवे.'

दुपारी अमळनेरहून एक नाना एसटीने आले. बाही वर करतच विचारलं, "पेशंट कोठे शे, ताई?"

चूक झाली, म्हटलं; बाकीच्या दात्यांनाही तसंच कळवलं. नाना बाही खाली करून परत गेले. तीच बाही डोळ्यांसमोरून हलत नाही.

आणि आता खरंच एका बाळंतिणीला ओ निगेटिव्ह हवंय. मी तोच मेसेज पुन्हा पाठवलाय. नाना फोन उचलत नाहीत. अर्धा तास झाला, दारात कोणी नाही.