गाडीत किती माणसं असतात

आप्पा,

गाडी रिव्हर्समध्ये टाकली की हल्ली ती क्षणभर काहीच करत नाही. दांडा ओढायचा, ब्रेकवरचा पाय उचलायचा आणि वाट बघत बसायचं. मग आतून कुणीतरी ढकलल्यासारखा धक्का बसतो आणि ती मागे सरकते. थंडीच्या सकाळी हे जास्त, ऊन तापलं की कमी. तुम्ही असतात तर पहिल्या धक्क्यालाच तिला गॅरेजमध्ये नेऊन उभी केली असतीत. मी अख्खा हिवाळा "इंजिन गार असेल" म्हणत काढला. ही गाडी तुम्ही पाहिलेली नाही. तुम्ही गेल्यावर कितीतरी वर्षांनी घेतली, सात माणसांची, भरपूर पळवलेली आणि ऑटोमॅटिक. म्हणजे क्लच नाही, गिअर तिचे तीच बदलते. "मग आपल्या हातात राहिलं काय?" असं तुम्ही नक्की विचारलं असतंत. पण माझ्या डाव्या पायाला क्लच दाबता येत नाही हे तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे? आता तो गिअरबॉक्सच म्हातारा झालाय. मोडायच्या आधी बदलून टाकायचा, की चालतोय तोवर चालू द्यायचा, एवढंच ठरवायचंय. खर्च मोठा आहे, पण अडलंय ते खर्चापाशी नाही.

तुमचं उत्तर मला ठाऊक आहे. चालू बल्ब काढून नवा लावणारे तुम्ही! भिंतीवरचं घड्याळ बिनचूक चाललेलं असायचं आणि तुम्ही स्टुलावर चढून त्यातला सेल बदलत असायचात. गॅसची नळी, स्कूटरची वायर, नळाचा वायसर, कशालाच आपल्या मरणानं मरायची मुभा नव्हती. आई कणीक मळता मळता म्हणायची, "एक दिवस मलाही बदलतील, चालू असतानाच." तुम्ही हसायचात, पण हातातलं काम सोडायचा नाहीत. आणि तो अजमेर रोडचा दिवस आठवतोय? आपल्या जुन्या गाडीतलं पेट्रोल संपून मी भर दुपारी रस्त्याकडेला उभी, आणि तुम्ही स्कूटरवर पायापाशी कॅन धरून आलात. घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणालात, "बंद पडल्यावर सगळेच धावतात. आधी बघायला अक्कल लागते." मी रात्री जेवले नाही. तुम्हीही जेवला नाहीत, ते आईनं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

त्याच गाडीला तुम्ही माझ्यासाठी हाताचा क्लच बसवून आणला होता. तेव्हा वैशाली नगरात घरं कमी आणि मोकळे प्लॉट जास्त. गिअरच्या दांड्याला एक लिव्हर, सायकलच्या ब्रेकसारखी, ती दाबायची आणि त्याच हातानं गिअर टाकायचा. ऑफिसातल्या कुणीतरी तुम्हाला म्हटलं होतं की मुलीला कशाला गाडी शिकवता, तिच्या पायाचं तरी बघा. तुम्ही त्यांना काय उत्तर दिलंत ते कधी कळलं नाही, पण पुढच्या रविवारी गाडी दाराशी उभी. मी लिव्हर सोडतेय, गाडी बेडकासारखी उड्या मारतेय, धूळ उडतेय, आणि तुम्ही शेजारी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलाय, एकदाही स्टिअरिंगला हात लावत नाही. माझ्या आयुष्यात मला कुणी इतकं मोठं काही दिलेलं नाही, आणि हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही, कारण आपल्या घरात असं बोलायची पद्धतच नव्हती.

तुम्ही असे का होतात, ते आईनं तुम्ही गेल्यावर सांगितलं. या गाडीतच. आम्ही मिरजेला निघालो होतो, उदयपूर मागे पडलं होतं, आणि काहीही विषय नसताना ती म्हणाली, "तुझा तो पोलिओचा डोस बदलीच्या गडबडीत राहिला. सामान बांधायचं होतं, नव्या गावी गेल्यावर देऊ म्हणाले. तेव्हापासून हे असे झाले बघ." मग तिनं पिशवीतून पेरू काढला आणि मला फोड दिली. मी गाडी चालवत राहिले. तोवर मला वाटायचं तुमचा स्वभावच काटेकोर. आप्पा, मला त्या डोसाचा राग कधीच नव्हता. तुम्ही विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं.

तर, गाडीचं. ती घेतली आईसाठी, तिला उंच सीटवर बसायला सोपं पडायचं म्हणून. पण सात सीटा रिकाम्या नेणं आईला बघवेना. इथल्या मराठी लोकांची रविवारची मिसळ तुम्ही गेल्यावर सुरू झाली. मटकीला इथे मोठ म्हणतात आणि ती मिळते गल्लोगल्ली. अडायचं ते मसाल्यावाचून. कांदा-लसूण मसाला आम्ही दर उन्हाळ्यात मिरजेहून आणायचो, सगळ्यांच्या वाटणीचा, आणि पुढचे दोन-तीन महिने गाडीत बसलं की शिंका. रविवारी सकाळी आईला घेऊन मी निघायचे, खातीपुऱ्यातून रेल्वेतून रिटायर झालेले काका-काकू, मुरलीपुऱ्यातून एक आजी आणि त्यांची बहीण, वाटेत बँकेतला एक नवा मुलगा, असे सगळे गोळा करायचे. मागच्या सीटवर भांडण चालायचं ते मिसळीत बटाटा घालावा की नाही याचं. काकू भुसावळच्या, त्यांचं तिखट आमच्या तिखटाला हसायचं. मग त्या मुलाची बदली झाली. आजी गेल्या, बहिणीला भाचा घेऊन गेला. काका गेले. आई गेली. शेवटी शेवटी मी आणि काकू दोघीच, त्यांच्याच स्वयंपाकघरात, एवढुशी मिसळ करायचो, आणि त्यातही काकू बटाटा घालायच्याच.

सर्व्हिस सेंटरवाल्यानं कॉम्प्युटर लावून बघितलं आणि सांगितलं, पूर्ण गिअरबॉक्स बदला, एवढी चाललेली गाडी आहे, कधी बंद पडेल सांगता येत नाही. मी मनाशी ठरवलंच होतं. म्हटलं, काकूंना घेऊन कुठे रस्त्यात अडकले तर त्यांच्या गुडघ्यांचं काय? आणि तुमची अक्कल या वयात तरी वापरावी. नुसतं एकदा मुरलीपुऱ्यातल्या आपल्या नेहमीच्या मिस्त्रीचं मत घ्यायचं राहिलं होतं.

काल रविवारी काकूंकडे गेले तर ओट्यावर काही चढवलेलंच नव्हतं. "बस," म्हणाल्या. "अगं, मुलानं तिकीट काढलंय पुण्याचं. मतलब, आता एकटीला ठेवणार नाही म्हणतो."

"किती दिवस?"

"दिवस कसले गं, घरच विकायला काढलंय." मग उठल्या आणि मिसळीचं मोठं पातेलं, ते पूर्वी सगळ्यांसाठी चढायचं ते, माझ्यापुढे आणून ठेवलं. "हे तू ने."

"काकू, मी काय करू एवढ्या पातेल्याचं?"

"असू दे. कुणी आलं-गेलं तर लागतं."

त्या रडल्या, मी नाही. मी पातेलं उचललं, मधल्या सीटवर ठेवलं आणि घरी येईपर्यंत त्याचं झाकण वाजत राहिलं. त्यांना पुण्यात बरं वाटेल, नातवंडं आहेत, खाली भाजीवाला मराठी बोलणारा असेल. मला मात्र वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं, आणि त्यात त्यांच्यावरचा रागही होता. असं सोडून जातात का कुणी, असं मी रिकाम्या गाडीत मोठ्यानं म्हणाले. ऑफिसात सगळा दिवस हिंदीत जातो. आता मराठीत बोलायचं तर फोन करावा लागेल, आणि फोनवर मिरजेची भावंडं "बरी आहेस ना" यापुढे जात नाहीत.

आज अर्धी रजा टाकून मिस्त्रीकडे गेले. पातेलं गाडीतच होतं. वर न्यायचा धीर झाला नव्हता. त्यानं गाडी वर घेतली, थोडं तेल काढून बोटांवर चोळलं, हुंगलं. तेल काळपट झालं होतं, पण करपल्याचा वास फारसा नव्हता. मग माझ्यासोबत एक चक्कर मारून आला. उतरताना त्याला ते पातेलं दिसलं.

"कोई प्रोग्राम है क्या, मैडम जी?"

"नहीं, ऐसे ही रखा है."

"देखो जी, सीधी बात बताऊँ. पूरा परिवार बैठता है, हाईवे पे जाना रहता है, तो अभी करवा लो. बीच रास्ते में बैठ गई तो बूढ़े-बच्चों को लेके कहाँ खड़े रहोगे? और एक-दो जने हैं, शहर में ही चलानी है, तो तेल बदलवाओ और चलने दो. आराम से चलेगी. गाड़ी में कितने लोग रहते हैं आपके?"

इतका साधा प्रश्न.

आप्पा, तुम्हीही मला एकदा असंच विचारलं होतंत. स्वयंपाकघरात, आई बाहेर गेली होती, तुम्ही चहा केला होता, फार गोड. "मी आहे तोवर बघू या का कुणी?" तुम्ही म्हणालात. त्या आधीही स्थळं आणली होतीत, पण त्या दिवशी आवाज वेगळा होता. मला कळलं की हे बल्बचंच चाललंय: तुम्ही स्वतःच्या जागी नवा माणूस बसवून ठेवायला निघाला होतात, तुमचा उजेड असतानाच. मी म्हणाले, "चाललंय ना माझं? मग?" तुम्ही कप विसळलेत आणि परत विषय काढला नाहीत. तुम्ही आणलेल्या त्या स्थळांपैकी एकाशीही माझं जमलं नसतं, त्याची हळहळ मला खरंच नाही. चाललंही छान. फक्त इतकी वर्षं ते आई, काकू, आजी, मागच्या सीटवरचं भांडण, या सगळ्यांच्या जोरावर चाललं होतं, आणि मला वाटायचं मी एकटीच चालवतेय.

मी गिअरबॉक्स बदलणार नाही. तुमचं न ऐकता नुसतं तेल बदलणार. सात माणसांची तयारी करून ठेवायची आणि रोज सकाळी एकटीनं त्यात बसायचं, ते मला झेपणार नाही. रस्त्यात बंद पडली तर पडली. तुम्ही रागावाल, रागवा. निदान त्या निमित्तानं कुणीतरी रागावेल.

पण मिस्त्रीला हे मी तिथे सांगितलं नाही. कितने लोग, याचं उत्तर एका शब्दाचं होतं. त्याऐवजी माझ्या तोंडून निघालं, "घर पे पूछ के बताती हूँ." तोही मान हलवून म्हणाला, हाँ हाँ, आराम से पूछ लो. घरी आले, कुलूप उघडलं, पर्स ठेवली आणि खरंच कुणालातरी विचारायला म्हणून हे लिहायला बसले. उद्या त्याला फोन करीन. घर में सबने बोला है, सिर्फ़ तेल बदल दो, असं सांगीन. 'सबने' म्हणणार आहे मी, आप्पा. घरात कुणी नाही, हे अजून माझ्याच्यानं मोठ्यानं म्हणवत नाही.