लोण्याचा डबा आणि गिअरबॉक्स

तीर्थरूप दादास,

धाकटीचा नमस्कार. (हात ऑइलचे असल्यामुळे लांबूनच पाया पडले आहे असं समज. कागदावरचा डाग हा त्याचा पुरावा.) तुझी तब्येत कशी आहे हे विचारत नाही, कारण विचारलं की तू ‘उत्तम’ म्हणतोस आणि खरं काय ते मग वहिनी फोनवर सांगते. तिच्याकडून कळलं की तुझा डावा गुडघा अजून पुरता वाकत नाही, क्लच दाबवत नाही, आणि तुझी गाडी हवा गेलेल्या टायरांवर आच्छादनाखाली तशीच उभी आहे. ती विकायचं नाव काढलं की तू भरल्या ताटावरून उठतोस म्हणे. डोंगराच्या शर्यतीतली सगळी वळणं शिट्टी वाजवत घेणारा माणूस तू, आणि पडलास कुठून, तर माळ्यावरचे टायर काढताना शिडीवरून! एरवी मी यावर तुला जन्मभर चिडवलं असतं. पण गेली दोन वर्षं तू गाड्यांबद्दल अवाक्षर बोलत नाहीस, आणि त्याची मला काळजी वाटते. तेव्हा आता आमच्या घरची हकिकत ऐक, आणि निदान तू तरी हस.

मी गाडी घेतली हे वहिनीने सांगितलंच असेल. जुनी आहे, लांब नाकाची, सहा सिलिंडरची, मागच्या चाकांवर पळणारी, आणि (पत्र फाडू नकोस) ऑटोमॅटिक. तुझं मत मला पाठ आहे. ज्या गाडीत गिअर आपल्या हाताने पडत नाही ती गाडी नव्हे, लिफ्ट. बटण दाबायचं आणि आपला मजला यायची वाट बघत उभं राहायचं. गंमत म्हणजे शर्यतीला गाडी का घेतली हे मला कोणी विचारत नाही, ऑटोमॅटिक का घेतली हे मात्र सगळे विचारतात. आमच्या ह्यांना मी सांगितलं की गर्दीत क्लच दाबून पाय दुखतो. सासूबाईंना सांगितलं की वाटेत तुम्हाला पेपरमिंट द्यायला हात मोकळा राहावा म्हणून. (त्या हे शेजारीपाजारी अजून अभिमानाने सांगतात.) गॅरेजवाल्याला आम्ही हुंकार म्हणतो, कारण तो त्यापलीकडे फारसं बोलत नाही. त्याने नुसती भुवई वर केली, तर मी म्हटलं, मनगट दुखतं. त्यावर त्याने माझ्या मनगटाकडे पाहिलं. दुर्दैवाने तेव्हा मी त्याच हाताने बॅटरी उचललेली होती.

तर पुढच्या महिन्यात डोंगराची शर्यत आहे. गाडीचं इंजिन मुळातच दांडगं, पण त्याचा जोर चाकांपर्यंत धड पोचत नव्हता. यात गोची अशी की घरात एकाला नवे कपडे केले की बाकीचे आपापल्या कपड्यांकडे बघायला लागतात, तसंच गाडीतही होतं. एक भाग सुधारला की पुढचा कुरकुरतो. म्हणून मी बाबांची शिस्त पाळायची ठरवली. आठवतंय ना? हातात पाना घ्यायच्या आधी सगळं यंत्र जेवणाच्या टेबलावर भांड्यांनी मांडायचं, आणि जे मांडलं नाही ते मागवायचं नाही. त्याप्रमाणे कुकर म्हणजे इंजिन. त्याच्यामागे झाकण ठेवलेली खोलगट थाळी, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर. (ह्यांना समजावलं की क्लचच्या जागी हा असतो आणि आतलं तेल घुसळून जोर पुढे ढकलतो. हे दातांचे डॉक्टर, त्यांनी चूळ भरण्याशी त्याचा काहीतरी संबंध लावला आणि समाधान मानलं.) मग पावाचा डबा म्हणजे गिअरबॉक्स, त्याला लागून लोण्याचा डबा म्हणजे गिअरबॉक्सचं तेल थंड ठेवणारा कूलर, लाटणं म्हणजे मागे जाणारा शाफ्ट, आणि दोन बश्यांच्या मधे साखरेचं भांडं, म्हणजे मागच्या दोन चाकांत जोर वाटून देणारं डिफरन्शियल. ही मांडामांड टेबलावर आठवडाभर होती. आम्ही ओट्याशी उभे राहून जेवत होतो आणि ह्यांना चहात साखर घालायची तरी माझी परवानगी काढावी लागे.

पण घर असं रंगलं म्हणून सांगू! मी सांगितलं की साध्या डिफरन्शियलची खोड अशी, की जे चाक नुसतं जागच्या जागी घसरतंय त्यालाच ते सगळे लाड पुरवतं, आणि जे बिचारं जमीन धरून आहे ते बसतं हात चोळत. सासूबाईंनी सुस्कारा सोडला आणि म्हणाल्या, घरोघरी मातीच्या चुली. घसरणाऱ्याला आवर घालणारं नवं डिफरन्शियल घ्यायचं हे त्यामुळे एकमताने ठरलं. (आपल्यात घसरणारं चाक कोण होतं हा वाद इथे नको. बाबांना विचारलं असतं तर त्यांनी तुझंच नाव घेतलं असतं.) कन्व्हर्टरही शर्यतीचा घ्यायचा ठरला, म्हणजे आधी इंजिनाला मनसोक्त गुरगुरू देणारा आणि मग एकदम पकडणारा. असा कन्व्हर्टर तेल फार तापवतो, म्हणून मोठा कूलर हवाच, हेही मीच ठणकावून सांगितलं. लोण्याच्या डब्यावर बोट ठेवून सांगितलं.

मग मी टेबलासमोर बसून, थाळीपासून बश्यांपर्यंत एकेका भांड्यावर नजर फिरवत सगळं सामान मागवलं. हुंकारने ते बसवलं. पहिल्या फेरीला आम्ही तिघं पाण्याच्या टाकीमागच्या चढावर गेलो, मागे सासूबाई उशी घेऊन. मी ॲक्सिलरेटर दाबला तर नुसती डरकाळी, गाडी जागची हलेना. ह्यांनी सभ्यपणे विचारलं, उतरून ढकलू का. तेवढ्यात कन्व्हर्टरने पकडलं, आणि सासूबाईंच्या हातातलं पेपरमिंट मागच्या काचेवर जाऊन आपटलं. दादा, पहिलं वळण काय घेतलं गाडीने! दोन्ही चाकं एकदिलाने रस्ता धरून होती. मी ‘दादा, बघ!’ म्हणून ओरडले, आणि शेजारी हे बसलेत हे मला नंतर आठवलं. पुढच्या वळणापाशी करपल्याचा वास आला, मग गिअर आळसावल्यासारखे पडू लागले, आणि शेवटी इंजिन तेवढं पळत राहिलं, गाडी थांबली. पुढून धूर. कुत्रं फिरवायला निघालेले एक आजोबा आम्हाला मागे टाकून वर गेले आणि जाताना काही मदत हवी का म्हणून चौकशी करून गेले.

गिअरबॉक्सचं तेल उकळलं होतं. कूलर असताना उकळलंच कसं, म्हणून मी बॉनेट उघडून पाहिलं, तर कूलर होताच कुठे? तो मी मागवलाच नव्हता. मी ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि सासूबाईंनी काच खाली केली.

“कूलर म्हणजे तो लोण्याचा डबा ना गं?” त्या म्हणाल्या. “तो मी पहिल्याच रात्री फ्रिजमध्ये ठेवला. लोणी बाहेर वितळत होतं.”

हे हसता हसता रस्त्याच्या कडेला बसले. मी रागवायचं ठरवलं होतं, पण जमलं नाही. साऱ्या घरात एकट्या सासूबाईंनाच कशाला तरी थंड ठेवायची बुद्धी सुचली होती.

आता कूलर बसला आहे, गिअरबॉक्समधल्या करपलेल्या चकत्या बदलल्या आहेत, आणि तेलाच्या तापमानाचा काटा सासूबाई मागून डोळ्यांत तेल घालून बघतात. गाडी अशी चढते की हुंकार परवा चक्क ‘वा’ म्हणाला. तेव्हा वहिनीला घेऊन शर्यतीला ये. गाडी चालवणं राहू दे. पायथ्याशी खुर्ची टाकून बस आणि ऑटोमॅटिकला पोटभर नावं ठेव. तू नाहीस तर मला यात काडीची मजा नाही. बाकी सर्व क्षेम.

तुझी,
धाकटी

ता. क. : ऑटोमॅटिक का घेतली ते तुला सांगायचंच राहिलं. या गाडीत डाव्या पायाला काहीही काम नाही. हुंकारने त्या बाजूला पाय सरळ लांब टाकता येईल अशी जागाही करून दिली आहे. वहिनीने मध्यंतरी पायजमा शिवायचा म्हणून तुझ्या पायाचं माप घेतलं होतं ना? पायजम्याची वाट बघू नकोस.

ता. क. २ : पायथ्याशी खुर्ची टाकून नावं ठेवायला मी बसणार आहे. शर्यतवाल्यांना चालक म्हणून मी तुझं नाव सांगितलं आहे.

ता. क. ३ : ‘नाही’ लिहिण्याआधी एवढं वाच. शर्यतीची सीट पुढेमागे सरकत नाही, आणि हुंकारने ती कालच तुझ्या मापाने बोल्ट मारून पक्की केली आहे. आता माझा पाय ॲक्सिलरेटरला पोचत नाही, ह्यांचा पोचतो पण छाती होत नाही. गाडी दारात उभी आहे, आणि ती चालवू शकेल असा आपल्या घरात आता तू एकटाच उरला आहेस.